मांजराने खाणं सोडलं तर

मांजराने एखाद्या वेळी बशीकडे पाठ फिरवली तर लगेच घाबरायचं कारण नाही. लस टोचल्यावर, घरात पाहुण्यांची गर्दी झाल्यावर, एप्रिलच्या भर दुपारी असं होतं. पण मोठ्या मांजराच्या पोटात २४ तास काहीच गेलं नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्यांना फोन करायचा. ४८ तास झाले असतील तर फोनवर भागवायचं नाही, मांजर पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचं. पिल्लाच्या बाबतीत अर्धा दिवससुद्धा फार झाला.

एवढी घाई कशासाठी, हे कळलं की हयगय होत नाही. उपाशी मांजराचं शरीर अंगातली चरबी मोडून यकृताकडे पाठवतं. मांजराच्या यकृताला एवढी चरबी झेपत नाही. ती पेशींत साचत जाते आणि यकृताचं काम मंदावतं. त्याने मळमळ वाढते, मळमळीने खाणं आणखी घटतं, आणि मग हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग, कानाची आतली बाजू पिवळी दिसायला लागते. "चांगलं गुटगुटीत आहे, दोन दिवस नाही खाल्लं म्हणून काय बिघडतंय" असं घरोघरी म्हणतात, ते नेमकं उलटं आहे. जाड मांजरालाच हा धोका जास्त, कारण यकृतात साचायला चरबी त्याच्याकडेच जास्त असते. पूर्ण उपासच घडावा लागतो असंही नाही. रोजच्या निम्म्याहून कमी खाणं बरेच दिवस चालू राहिलं तरी गाडी त्याच वाटेला लागते.

काही खुणा दिसल्या तर खायला घालायच्या खटपटीत न पडता थेट दवाखाना गाठायचा. बोका पुन्हापुन्हा लघवीला बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर त्याचा लघवीचा मार्ग बंद झालाय. यात एक-दोन दिवसांत जीव जातो, आणि घरची माणसं मात्र "शी होत नाही वाटतं" म्हणून वाट बघत बसतात. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, मागचे पाय अचानक लुळे पडणं, हिरड्या पांढऱ्याफटक होणं, हेही त्यातलंच. जिभेखाली शिवणाचा दोरा किंवा मांजा अडकलेला दिसला तर तो ओढायचा नाही. दुसरं टोक आतड्यात गेलेलं असतं, ओढलं की आतडं चिरतं.

कसं खात नाही ते आधी बघा

"खात नाही" हे डॉक्टरांना सांगून फारसं काही कळत नाही. कसं खात नाही, हे सांगितलं तर निम्मं काम होतं. बशी पुढे ठेवून दहा मिनिटं लांबून बघा.

मांजर धावत येतं, वास घेतं, एक घास उचलतं आणि मान झटकून मागे सरतं किंवा घास एकाच बाजूने चावतं, पंजा तोंडाला घासतं, लाळ गाळतं, तर दुखणं तोंडात आहे: सुजलेल्या हिरड्या, किडलेला दात, जिभेवरचा फोड. अशा मांजराला भूक असते, खाता येत नाही. त्याला मऊ, पातळ, कोमट खाणं द्यायचं आणि दाताचा इलाज करायचा.

मांजर बशीशी येतं, नाक लावतं, पण वासच येत नसल्यासारखं उभं राहतं आणि निघून जातं, शिवाय नाकाभोवती खपली, डोळ्यांत चिपाड, शिंका, तर नाक चोंदलंय. मांजर जिभेपेक्षा नाकाने जेवतं. वास नाही तर भूक नाही.

बशी दिसली तरी तोंड वळवणं, ओठ चाटणं, आवंढे गिळणं, पंजाने खाणं पुरल्यासारखं करणं ही मळमळ. इथे आग्रह केला तर घात होतो. मळमळत असताना जे खाणं पुढे आलं त्याचीच मांजराला शिसारी बसते, आणि बरं झाल्यावरही ते त्याला शिवत नाही. उलटीवरचं इंजेक्शन आधी, जेवण नंतर.

आणखी एक प्रकार आजाराचा नसतोच. बशी वॉशिंग मशीनच्या शेजारी आहे, शी-सूच्या ट्रेपासून हातभर अंतरावर आहे, किंवा घरातला दुसरा बोका दारात बसून बघतोय. बशी हलवून बघा. पण त्यासाठीही २४ तासांची मर्यादा तीच.

काटा हवाच

डोळ्यांना वजन दिसत नाही, विशेषतः केसाळ मांजराचं. प्रवासाच्या बॅगा अडकवून तोलायचा हातातला डिजिटल काटा घ्या, मांजराला कापडी पिशवीत बसवा, पिशवीचं वजन वजा करा. पिल्लांसाठी स्वयंपाकघरातला काटा उत्तम. ४ किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम उतरलं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो उतरलं. आजारपणात रोज सकाळी एकाच वेळी तोलायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं.

अंथरुणाला खिळलेल्या मांजराची दिवसाची किमान गरज साधारण अशी धरा: ३ किलोला १६० कॅलरी, ४ किलोला २००, ५ किलोला २३५. हाडाविना उकडलेल्या कोंबडीच्या छातीच्या १०० ग्रॅममध्ये १६० च्या आसपास कॅलरी असतात. सुक्या तयार खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४००. ओल्या पाकिटांत फार फरक असतो, तिथे पाकिटावरचा आकडा वाचायचा. "दोन-तीन वेळा चाटलं" हा हिशेब नव्हे. बशी देताना तोला, उचलताना तोला, वजाबाकी लिहा.

तीन-चार दिवस उपाशी असलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी पूर्ण खाणं घालू नका. पहिल्या दिवशी गरजेच्या एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्ण. उपासानंतर एकदम पोटभर मिळालं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं. मांजर खातं म्हणून घरात आनंद असतो आणि ते मान टाकतं. पाच दिवसांच्या वर उपास झाला असेल तर ही सुरुवात दवाखान्यातच, रक्त तपासत करावी.

अळणी म्हणजे बिनकांद्याचं नव्हे

कोल्हापुरात मटण शिजलं की तांबडा-पांढरा बाजूला आणि लहान पोरांना, आजाऱ्याला अळणी म्हणजे बिनतिखटाचं मटणाचं पाणी, ही रीत. म्हणून मांजर आजारी पडलं की वाटीभर अळणी त्याच्याहीपुढे येतं. तिखट नाही म्हणजे बाधणार नाही, असं वाटतं. पण त्या अळण्याला बहुतेक घरांत कांद्याची फोडणी आणि आलं-लसणाचं वाटण लागलेलं असतं, आणि मीठही पडलेलं असतं. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. शिजवला तरी तो गुण जात नाही, गाळून तुकडे काढले तरी रस पाण्यात उतरलेला असतो. किलोमागे ५ ग्रॅम कांदा एवढ्यावरही मांजराच्या रक्तात बिघाड दिसतो, म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, एका लहान कांद्याचा तुकडा. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात आणि लघवी गडद होते. तोवर अळणं कुणाच्या लक्षातही नसतं.

मांजराचं पातेलं वेगळंच चढवायचं. हाडाविना कच्ची कोंबडी १४० ग्रॅम (शिजून साधारण १०० ग्रॅम उरते), पाणी पाव लिटर. मीठ नाही, हळद नाही, तेल नाही. झाकण ठेवून २० मिनिटं शिजवा. पाणी टाकू नका, वास त्याच्यातच उतरलेला असतो. शिजलेलं मांस, १०० मिली तेच पाणी आणि एका उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक मिक्सरच्या छोट्या भांड्यात अगदी गुळगुळीत वाटा. सिरिंजने द्यायचं असेल तर गाळणीतून चमच्याने दाबून काढा, नाहीतर एखादी तार सिरिंजच्या तोंडाशी अडकते आणि जोर लावला की सगळं एकदम घशात जातं. हे मिश्रण साधारण २१० मिली होतं आणि त्यात २२० कॅलरी, म्हणजे १ मिलीला १ कॅलरी. हिशेबाला सोपं. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजराला बलक घालू नका, त्यात फॉस्फरस भरपूर असतं.

हे खाणं चार-पाच दिवसांचा टेकू आहे, कायमचा आहार नाही. नुसत्या कोंबडीत कॅल्शियम नसल्यासारखंच असतं, आणि महिनोन् महिने त्यावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं वाकतात. चिकनच्या दुकानातून मिळणाऱ्या कलेजी-पोट्याचंही तसंच. पोटा चालतो, कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, बोटाच्या पेराएवढी. रोज कलेजीवर वाढलेल्या मांजराच्या अंगात अ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके एकमेकांना जखडतात. कुत्र्याचं खाणं मांजराला पुरत नाही. मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर हृदय फुगतं आणि दृष्टी जाते.

दुधाबद्दल बोलायलाच हवं, कारण कोल्हापुरात दुधाला तोटा नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध माणसाच्या अंगी लागत असेल. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि आजारी मांजराला जुलाब लागले की अंगातलं पाणी जातं. दूध-चपातीवर जगलेलं मांजर "तेवढंच खातं" म्हणून तेच घालत राहणं म्हणजे पोट भरून उपाशी ठेवणं.

बशी कशी ठेवायची

खोल वाटी नको, सपाट बशी घ्या. एका वेळी एक मोठा चमचा, अंगाएवढं कोमट. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं धरली की पुरे. मनगटाच्या आत थेंब लावून बघा, लागता कामा नये. मायक्रोवेव्हमध्ये मधला भाग चटका देतो आणि एकदा तोंड पोळलेलं मांजर त्या बशीकडे फिरकत नाही. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचला आणि तीन तासांनी ताजं द्या. पाच प्रकारच्या पाच बशा मांडून ठेवणं मायेपोटी होतं, पण त्या सगळ्यांच्या मिसळलेल्या वासाने मळमळ वाढते. नाकाशी बोट नेणं, तोंडाला खाणं फासणं, मागे मागे बशी घेऊन फिरणं, हे सगळं सोडा. शेजारी शांत बसा, पाठीवरून हात फिरवा. काही मांजरं तेवढ्यावर खातात.

भुलवायला वरून काय टाकायचं? जवळा धुऊन, कोरडा भाजून त्याची चिमूटभर पूड. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर खारवलेली मासळी अजिबात नको. गोळी मात्र आवडीच्या खाण्यात कधीच लपवू नये. कडू लागलं की औषधही गेलं आणि खाणंही.

नाक चोंदलं असेल तर जेवणाआधी न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून वाफ कोंडा आणि मांजराला घेऊन १०-१५ मिनिटं बसा. उकळत्या पाण्याचं पातेलं जवळ ठेवू नका, आणि निलगिरीचं तेल, बाम, कापूर यातलं काही पाण्यात टाकू नका. मांजराला ते विषारी आहे. मग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकावरची खपली मऊ करून काढा. दिवसातून तीन वेळा.

सिरिंजने भरवणं

डॉक्टरांनी सांगितलं असेल, मळमळ थांबलेली असेल आणि मांजर पूर्ण शुद्धीत गिळत असेल तरच. ग्लानीत असलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या मांजराच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

मेडिकलमधून सुई नसलेल्या ५ मिलीच्या चार-सहा सिरिंज घ्या. पाच-सहा वेळा वापरली की रबर चिकटतं, दट्ट्या अडतो आणि मग झटक्यात सुटतो. तेव्हा टाकून द्या. मांजराला टेबलावर टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळा, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. डोकं सरळ, जमिनीला समांतर. बाळाला बोंडल्याने पाजतात तशी मान मागे करायची नाही. मान वर गेली की अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेची वाट मोकळी होते. सिरिंजचं टोक तोंडाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागच्या फटीत सरकवा, गालाच्या दिशेने, घशाच्या नव्हे. अर्धा मिली सोडा. गिळलेलं दिसलं की पुढचा अर्धा. एक मिलीच्या वर एका वेळी कधीच नाही. खोकला आला तर थांबा, डोकं खाली करू द्या. भरवून झाल्यावर दोन-तीन मिली कोमट पाणी द्या, हनुवटी पुसून कोरडी करा, आणि अर्धा तास आडवं झोपवू नका.

४ किलोच्या मांजराला पहिल्या दिवशी ६५ मिली म्हणजे सहा वेळा ११-११ मिली. पुढे एका वेळची मात्रा वाढवत नेता येते, पण ४० मिलीच्या वर नको. आकसलेल्या पोटात मावत नाही, उलटी होते. भरवल्यानंतर एक-दोन दिवसांत ताप, जोरजोरात श्वास, झोपेत मिनिटाला ४० च्या वर श्वास असं दिसलं तर खाणं फुफ्फुसात गेलं असण्याची शक्यता आहे. झोपलेल्या निरोगी मांजराचे श्वास मिनिटाला ३० च्या आत असतात.

दोन दिवस झटूनही निम्मं जात नसेल, किंवा तुम्ही खोलीत आल्यावर मांजर पलंगाखाली लपत असेल, तर सिरिंज थांबवा आणि डॉक्टरांना नळीबद्दल विचारा. मानेतून अन्ननलिकेत बसवायची नळी ऐकायला भयंकर वाटते, म्हणून लोक शेवटच्या दिवसापर्यंत टाळतात. खरं तर मांजराला ती सिरिंजपेक्षा कितीतरी सुखाची. तोंडाला हात लागत नाही, औषधंही त्यातूनच जातात, नळी असताना मांजर स्वतः खाऊही शकतं, आणि यकृतात चरबी साचलेली मांजरं बहुतेक वेळा याच नळीवर आठवड्यांमागून आठवडे काढून उठतात. प्रत्येक वेळी आधी ५ मिली कोमट पाणी, मग खाणं १५-२० मिनिटांत सावकाश, शेवटी १० मिली पाणी. शेवटचं पाणी विसरलात की नळी तुंबते. मानेवरचं छिद्र रोज बघा: लाली, पू, दुर्गंधी आली की दवाखाना.

जुनी दुखणी

मूत्रपिंडाच्या आजारात मांजर पाणी खूप पितं, लघवी खूप करतं आणि वजन उतरतं. त्यांच्यासाठीचं कमी फॉस्फरसचं खाणं आयुष्य वाढवतं, पण ते मळमळ चालू असताना सुरू करू नका. आधी मळमळ काबूत, मग जुन्या खाण्यात चमचाभर मिसळत तीन-चार आठवड्यांत बदल. आणि ते खाणं काही केल्या चालतच नसेल तर पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवण्यापेक्षा साधं खाल्लेलं बरं. अंगात किलोमागे रोज ५० मिलीच्या आसपास पाणी जायला हवं, खाण्यातलं धरून. ओलं खाणं, रुंद तोंडाचं भांडं, घरात दोन-तीन ठिकाणी पाणी, त्यात मीठ-कांद्याविना कोंबडीचं पाणी चमचाभर.

मधुमेही मांजराने खाल्लं नाही तर नेहमीचं इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायचं नाही. झोकांड्या जायला लागल्या, अंग कापायला लागलं तर हिरड्यांना मध चोळा आणि निघा. गार पडलेल्या पिल्लालाही हिरडीला मध लावायचा आणि आधी ऊब द्यायची. गार अंगाच्या पिल्लाच्या पोटात दूध घातलं तर ते पचत नाही. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब लागले तर घरी काहीही करत बसू नका.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मूत्रपिंड बसवतात. माणसांची भुकेची सिरप नकोत. एरंडेल किंवा पॅराफिन तोंडात ओतलं तर ते फुफ्फुसात उतरतं. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिनचं औषध मांजराच्या अंगावर पडलं तर झटके येतात. मिर्टाझापीनसारखी भुकेची औषधं मांजरांना खरोखर उपयोगी पडतात, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. जास्त झाली की मांजर रात्रभर ओरडत, थरथरत फिरतं.

जून लागायच्या आधी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला. अशा वेळी पथ्याचं खाणं मागवता येत नाही आणि पुण्याच्या तज्ज्ञांकडे जाताही येत नाही. कायमचा आजार असलेल्या मांजरासाठी जून लागायच्या आधीच तीन आठवड्यांचं खाणं, औषधं आणि सिरिंज घरात आणून ठेवा. सुकं खाणं मूळ पिशवीतच ठेवून, तोंड गुंडाळून, पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात उघडी पिशवी महिन्याभरात खवट होते, बुरशी धरते. माणसाला वास येत नसला तरी मांजराला येतो, आणि "अचानक खाणं सोडलं" याचं कारण कधीकधी पिशवीतच असतं. पिशवी उघडल्याची तारीख पेनाने वर लिहा.

मांजर आपणहून खायला लागलं की सिरिंज किंवा नळी एकदम बंद करू नका. गरजेच्या तीन चतुर्थांश खाणं सलग तीन दिवस स्वतः खाल्लं की भरवण्याची एकेक वेळ कमी करा. वजन दोन आठवडे रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा. काटा पुन्हा १०० ग्रॅमने खाली आला तर बशी रिकामी दिसत असली तरी ती कोण संपवतंय ते बघा.